मोजकी विचारशक्ती आणि मोठे निर्णय : चौक परिसरातील कुटुंबांसाठी

अर्थशास्त्राच्या जुन्या मांडणीत निर्णय घेणाऱ्या माणसाला सर्व पर्याय ठाऊक असतात, प्रत्येक पर्यायाचे परिणाम तो नीट तोलतो आणि त्यांतला सर्वाधिक लाभाचा पर्याय निवडतो, असे गृहीत धरलेले असे. हर्बर्ट सायमन या अमेरिकन अभ्यासकाने 1955 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या गृहीतकालाच आव्हान दिले. माणसाजवळ वेळ थोडा असतो, माहिती अपुरी असते आणि असलेली माहिती पचवण्याची शक्तीही मोजकीच असते. तेव्हा या मर्यादांच्या आत राहून माणूस जे शहाणपण दाखवू शकतो, तोच अभ्यासाचा खरा विषय होय, अशी त्याची भूमिका होती. या शहाणपणाला ‘मर्यादित विवेकशीलता’ असे म्हटले जाते. सायमनला 1978 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या त्या निबंधात घर विकायला काढलेल्या माणसाचे एक उदाहरण आहे. असा विक्रेता जगातील सर्व गिऱ्हाइकांची वाट पाहत बसत नाही. किती रक्कम आली म्हणजे आपण होकार देऊ हे तो आधी ठरवतो आणि तेवढी देणारा पहिला माणूस आला की व्यवहार पुरा करतो. चौकच्या आसपास खालापूर आणि कर्जत तालुक्यांत आज ज्या घरांपुढे जमीन विकण्याचा प्रश्न उभा आहे, त्यांना हे उदाहरण फार जवळचे वाटावे.

बुद्धीची ही मर्यादा कुठे जाणवते, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. हाती घेतलेल्या कामापुरत्या गोष्टी मनात धरून ठेवण्याची जी क्षमता, तिला कार्यस्मृती म्हणतात. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये ही क्षमता सुमारे सात बाबींची असल्याचे मांडले होते, तर नेल्सन कोवन याने 2001 मध्ये ती चारच्या आसपास असल्याचे दाखवले. जमिनीच्या एका सौद्यात दर, हप्ते, मुदत, ताबा, वाट, पाण्याचा हक्क, राखून ठेवायचे क्षेत्र आणि भावंडांची वाटणी अशा आठ बाबी असल्या आणि प्रत्येकीत तीनच पर्याय धरले, तरी एकूण जुळण्या 6,561 होतात. एवढ्या जुळण्या कोणाच्याही डोक्यात मावणाऱ्या नाहीत, मग तो निवृत्त मुख्याध्यापक असो की उभा जन्म खाचरात काढलेला शेतकरी असो. म्हणून एखाद्या कुटुंबाचा व्यवहार फसला की त्याला ‘अडाणी’ म्हणून मोकळे होण्याची जी सवय गावोगाव दिसते, ती अन्यायाची तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. कारण तिच्यातून पुढच्या कुटुंबाच्या हाती काहीच लागत नाही.

उलट, याच परिसरातील शेतकरी मोजक्या शक्तीत उत्तम निर्णय कसे घ्यावेत हे पिढ्यान्‌पिढ्या जाणत आला आहे. भाताचे वाण निवडताना तो सर्व वाणांची तुलना करीत नाही. खाचरात पाणी किती दिवस टिकते एवढे एकच लक्षण पाहून उतारावरच्या, लवकर सुकणाऱ्या जमिनीत हळवे भात घालतो आणि पाणथळ खाचरात गरवे. अशा थोड्या खुणांवर उभ्या असलेल्या निर्णयनियमाला अडाखा म्हणतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर याने असे अडाखे अनेकदा किचकट हिशेबाच्या तोडीस तोड ठरतात हे दाखवून दिले आहे, मात्र त्यासाठी परिस्थिती ओळखीची असावी लागते आणि चूक लवकर कळून येण्याची सोय असावी लागते. भाताच्या बाबतीत दोन्ही गोष्टी आहेत, कारण यंदाची चूक कापणीला दिसते आणि पुढच्या पेरणीला सुधारता येते. जमीन विकण्याचा प्रसंग मात्र बहुतेक घरांत एका पिढीत एकदाच येतो आणि त्यातली चूक कळते तेव्हा दुरुस्तीची वेळ टळून गेलेली असते. त्यामुळे शेतीत ज्याचा अडाखा सहसा चुकत नाही, तोच माणूस सौद्यात त्याच आत्मविश्वासाने वागला तर फसतो. त्याची बुद्धी कमी पडत नाही, तिला सरावाची संधीच मिळालेली नसते.

सौद्याला बसण्यापूर्वी

चौक हे गाव पनवेल आणि खोपोली यांच्या दरम्यान जुन्या मुंबई–पुणे महामार्गावर आहे आणि पनवेल–कर्जत लोहमार्गावरचे स्थानकही येथे आहे. 2016 मध्ये मंजूर झालेल्या पनवेल–कर्जत उपनगरी मार्गात चौकचा समावेश झाला, 2013 मध्ये अधिसूचित झालेल्या ‘नैना’ या नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात खालापूर तालुक्यातील गावे होती, आणि नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले. या प्रत्येक घडामोडीबरोबर दलालांच्या फेऱ्या वाढतात आणि ‘पार्टी तयार आहे, उद्यापर्यंत सांगा, नाहीतर ती दुसरीकडे जाईल’ हे वाक्य घरोघर ऐकू येते. या वाक्याचा परिणाम किमतीपेक्षा वेळेवर अधिक होतो, कारण ज्या विचाराला महिना लागायचा, तो एका रात्रीत उरकण्याची सक्ती त्यातून निर्माण होते.

अशा वेळी निर्णयांची प्रतवारी करणे हे पहिले काम होय. जो निर्णय मागे घेता येतो, त्यावर विचारशक्ती फारशी खर्चू नये. जो मागे घेता येत नाही, त्याच्यासाठी ती राखून ठेवावी. जमीन दाखवणे, दर विचारणे, चहापाण्याची बैठक घेणे या गोष्टींनी कोणी बांधले जात नाही. विसार स्वीकारणे, साठेखतावर सही करणे आणि कुलमुखत्यारपत्र देणे यांनी मात्र माणूस बांधला जातो. म्हणून या तीन गोष्टींपैकी कोणतीही गोष्ट ज्या दिवशी ती पहिल्यांदा सुचवली गेली त्याच दिवशी करायची नाही, असा साधा नियम कुटुंबाने आधीच ठरवून ठेवावा. नियम आधी ठरलेला असला म्हणजे समोरच्याला नकार देताना वेगळे धैर्य गोळा करावे लागत नाही आणि ‘आमच्या घरात अशी पद्धत आहे’ एवढे सांगून भागते.

दुसरे काम किमतीचे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांसमोर आकड्यांचे एक चक्र फिरवले जाई आणि मग संयुक्त राष्ट्रांमध्ये आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के असेल, असे विचारले जाई. चक्रावर 10 आलेल्यांचा मध्यम अंदाज 25 टक्के होता, तर 65 आलेल्यांचा 45 टक्के. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीमात्र संबंध नसताना हा फरक पडला. पहिला कानावर पडलेला आकडा खुंट्यासारखा असतो आणि बांधलेले जनावर दाव्याच्या लांबीइतकेच चरते, तसे मन त्या आकड्याच्या आसपासच फिरत राहते. दलालाने गुंठ्याचा दर प्रथम उच्चारला की पुढची सारी घासाघीस त्या दराभोवतीच होते आणि थोडी वाढ मिळाली की जिंकल्याचे समाधान वाटते. यावरचा उपाय सायमनच्या विक्रेत्याचाच आहे: कोणी विचारायला येण्यापूर्वीच आपला स्वीकारार्ह दर ठरवून, तारीख घालून, कागदावर लिहून ठेवावा. त्यासाठी गावातील गप्पांपेक्षा दोन आधार बरे. मुद्रांक शुल्कासाठी शासन दर वर्षी जे मूल्यदर तक्ते प्रसिद्ध करते, त्यांत आपल्या गावाचा दर पाहता येतो, आणि शेजारच्या गटांत नुकत्याच नोंदवल्या गेलेल्या खरेदीखतांतील रकमाही तपासता येतात. तक्त्यातला दर म्हणजे बाजारभाव नव्हे आणि दस्तातली रक्कम नेहमीच खरी असते असेही नाही. तरी हे दोन्ही आकडे समोरच्याने पुढे केलेल्या आकड्यापासून स्वतंत्र असतात, आणि या कामी तेवढे पुरेसे असते.

येथे एका लोकप्रिय सल्ल्याबद्दल सावध करणे आवश्यक वाटते. एकामागून एक येणाऱ्या प्रस्तावांपैकी पहिले 37 टक्के सोडून द्यावेत आणि नंतर त्या सर्वांहून चांगला असा पहिला प्रस्ताव स्वीकारावा, असा एक गणिती सिद्धान्त आहे आणि तो गणित म्हणून निर्दोष आहे. पण एकूण किती प्रस्ताव येणार हे आधी ठाऊक असणे, नाकारलेला प्रस्ताव पुन्हा न येणे आणि सर्वोत्तमाखेरीज बाकी सारे सारखेच निरुपयोगी असणे, अशा अटींवर तो उभा आहे. चौकमध्ये जमीन विकणाऱ्याच्या बाबतीत यांतली एकही अट धड लागू पडत नाही. त्याच्यासाठी सर्वोत्तम किमतीचा ध्यास सोडून ‘पुरेशी चांगली’ किंमत आणि निर्धोक अटी यांवर थांबणे हेच अधिक विवेकाचे ठरते.

तिसरे काम कागदांचे, आणि बहुतेक नुकसान होते ते येथेच. ज्या गोष्टी डोक्यात मावत नाहीत त्या कागदावर उतरवणे, हा मोजक्या कार्यस्मृतीवरचा सर्वांत जुना आणि सर्वांत भरवशाचा उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी तयार केलेली एका पानाची तपासयादी नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत वापरून पाहिली गेली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. आणि ती वापरणारे निष्णात शल्यचिकित्सक होते. निष्णात माणसालाही यादी लागते, तर आयुष्यात एकदाच सौदा करणाऱ्याने ती हाती धरण्यात कमीपणा कसला?

जमिनीच्या सौद्यासाठी अशी यादी घरी एका वहीत करता येते. सातबारा आणि आठ-अ यांचे ताजे उतारे काढावेत, त्याबरोबर सर्व जुने फेरफारही पाहावेत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 अशी नोंद असेल, तर त्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध आहेत, हे व्यवहाराचे बोलणे सुरू होण्यापूर्वीच समजून घ्यावे. कूळकायद्यातील तरतुदींमुळे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, म्हणून घेणारा कोण हेही विचारावे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी या अनुसूचित जमातींच्या कुटुंबांची जमीन बिगर आदिवासी व्यक्तीकडे जाण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 36 आणि 36 अ लागू होतात, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय असा व्यवहार करता येत नाही. ‘परवानगी आम्ही बघतो, तुम्ही फक्त सही करा’ असे सांगणारा माणूस कायद्याने घातलेले संरक्षणच काढून घेत असतो.

साठेखत वाचताना पानांच्या संख्येने दडपून जाऊ नये. सर्व पाने सारख्याच लक्षाने वाचण्याचा प्रयत्न केला की तिसऱ्या पानावर अवधान संपते आणि महत्त्वाची कलमे बहुधा त्यानंतरच येतात. त्यापेक्षा पैसे कोणत्या शब्दांनी बांधले आहेत, एवढाच शोध पहिल्या वाचनात घ्यावा. ‘उर्वरित रक्कम अमुक तारखेस’ हे एक कलम झाले, आणि ‘उर्वरित रक्कम बिनशेती परवानगी मिळाल्यानंतर’ हे वेगळेच कलम झाले. दुसऱ्यात तारीखच नाही, परवानगी मागण्याचे काम घेणाऱ्याचे आणि वाट पाहण्याचे विकणाऱ्याचे, त्यामुळे जमीन अडकून पडते आणि पैसा येत नाही. अशा प्रत्येक कलमापुढे ‘या दिवसापर्यंत न झाल्यास करार संपेल’ अशी अंतिम मुदत मागावी. दुसऱ्या वाचनात फक्त ताबा आणि कुलमुखत्यारपत्र पाहावे: ताबा पूर्ण रकमेआधी जातो का, आणि मुखत्याराला जमीन पुढे विकण्याचा अधिकार दिला आहे का. तिसऱ्या वाचनासाठी मजकूर वकिलाकडे द्यावा, पण तो वकील घेणाऱ्याने आणलेला नसावा. मसुदा घरी न्यायला मिळत नसेल, तर सहीही देऊ नये. सही झालेल्या दस्ताच्या नोंदणीसाठी कायद्याने चार महिन्यांची मुदत दिलेली असते. तेव्हा दोन दिवस मसुदा वाचण्यात गेले, तर कायद्याचे काही अडत नाही.

कामाची वाटणी केली की एका डोक्यावरचा भार हलका होतो. उतारे आणि फेरफार एकाने पाहावेत, दराची चौकशी दुसऱ्याने करावी, कराराच्या अटी तिसऱ्याने वाचाव्यात आणि शेवटी तिघांनी आपापले एकेक पान बाकीच्यांसमोर वाचून दाखवावे. या बैठकीत बहिणींना प्रथमपासून बोलवावे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला आहे, आणि तरीही हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी बहिणीला सकाळी फोन करून दुपारी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात उभे केले जाते, असे प्रकार आजही घडतात. माहेर तुटेल या धास्तीत आणि रांगेतल्या घाईत घेतलेल्या अशा निर्णयाला संमती म्हणणे कठीण आहे. तिलाही मसुदा घरी नेऊन वाचण्याचे ते दोन दिवस मिळायला हवेत.

टंचाईच्या महिन्यांत

विचारशक्ती वर्षभर सारखी राहत नाही, ही गोष्ट या परिसरासाठी विशेष महत्त्वाची आहे. आनंदी मणी, सेंथिल मुलैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतील 464 ऊसउत्पादक शेतकऱ्यांच्या बौद्धिक चाचण्या घेतल्या, तेव्हा तोडणीपूर्वीच्या चणचणीच्या दिवसांत त्याच शेतकऱ्यांची कामगिरी तोडणीनंतरच्या दिवसांपेक्षा कमी भरली. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या निष्कर्षाची व्याप्ती किती, यावर पुढे संशोधकांत वाद झाले. पण पैशाची चिंता अवधानाचा मोठा भाग व्यापते, हा त्यातला मुद्दा ज्याने घरात आजारपण आणि देणेकरी एकाच वेळी पाहिले आहेत, त्याला पटवून द्यावा लागत नाही.

खालापूर–कर्जत पट्ट्यात ही चणचण पावसाळ्यात येते. जून महिन्यात शाळेचा खर्च, बियाणे आणि खत एकदमच उभे राहतात, आणि भात हाती यायला दिवाळी उजाडते. कातकरी कुटुंबांची स्थिती याहून बिकट असते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर जाण्याचा करार पावसाळ्यातच, घरात धान्य नसताना, उचल घेऊन केला जातो. मजुरीचा दर, कामाचे महिने आणि उचलीची फेड या तिन्ही गोष्टी तेव्हाच ठरून जातात. आदिवासी विकास विभागाची खावटी योजना नेमक्या याच महिन्यांसाठी आखली गेली होती, यावरून ही अडचण शासनालाही जुनीच परिचित असल्याचे दिसते. भुकेच्या तोंडी जो निर्णय हाती लागतो, तो त्या घडीच्या हिशेबाने चुकीचाही नसतो, कारण आजचे जेवण उद्याच्या दरापेक्षा मोठे असते. म्हणून येथे उपदेशाचा रोख त्या कुटुंबाकडे न ठेवता त्याच्या आसपासच्या लोकांकडे ठेवणे योग्य ठरेल. बचत गटाने छोट्या कर्जाची सोय श्रावणात उपलब्ध ठेवावी; शिक्षकाने, आशाताईंनी किंवा शिकलेल्या तरुणाने उचलीची रक्कम, तारीख आणि ठरलेली मजुरी दोन कागदांवर लिहून एक कागद कुटुंबाजवळ राहील असे पाहावे. उचलीच्या बदल्यात माणसाला कामावर अडकवून ठेवणे हा वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, 1976 खाली गुन्हा आहे, हेही त्या कुटुंबाला सोप्या शब्दांत सांगावे.

जमीनधारकानेही आपल्यापुरता असाच बंदोबस्त करावा. जून ते ऑक्टोबर या काळात जमिनीचा कोणताही कायमचा करार करायचा नाही आणि विचार दिवाळीनंतर, भात घरात आल्यावरच करायचा, असे ठरवून ठेवण्यात मोठा लाभ आहे. दवाखान्याच्या खर्चासाठी तातडीने रक्कम लागली, तर सोनेतारण किंवा सोसायटीचे कर्ज महाग वाटले तरी ते फेडता येते. गेलेली जमीन परत येत नाही.

पावसाच्या रात्रीसाठी

वरील निर्णयांना निदान काही दिवस मिळतात. काही निर्णयांना मिनिटेच असतात, आणि तेथे विचाराची शक्ती आयत्या वेळी वापरायला मिळतच नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री चौकजवळील इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वाडी दरडीखाली गेली. 23 जुलै रोजी शोधकार्य थांबवले गेले, तेव्हा 27 मृतदेह हाती आले होते आणि 57 जण बेपत्ता होते. वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता, त्यामुळे अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. यादीत नाव नाही म्हणून धोका नाही, असे समजण्याची चूक यापुढे कोणत्याही डोंगरउतारावरच्या वाडीने किंवा तिच्यासाठी जबाबदार असलेल्या कार्यालयाने करू नये.

रात्री, अंधारात, मुसळधार पावसात ‘आता निघावे की थांबावे’ असा प्रश्न घरातील माणसांपुढे टाकणे म्हणजे त्यांच्यावर अशक्य हिशेब लादणे होय. दर पावसाळ्यात जोराचा पाऊस होतो आणि बहुतेक वेळा काहीच घडत नाही, त्यामुळे थांबण्याची सवय मनात मुरलेली असते. कालपर्यंतचा अनुभव येथे दिशाभूल करतो. म्हणून हा निर्णय उन्हाळ्यातच घेऊन ठेवावा आणि तो ठरलेल्या खुणांना बांधावा. हवामान विभागाने रायगड जिल्ह्यासाठी लाल इशारा दिला, किंवा 24 तासांत 204.4 मिलिमीटरहून अधिक, म्हणजे विभागाच्या परिभाषेत अत्यंत मुसळधार पाऊस झाला, तर दिवस मावळण्यापूर्वी वाडी सोडायची. इशारा नसला तरी जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा थांबणे, घराची दारे अचानक घट्ट बसू लागणे, यांपैकी एक खूण दिसली तरी निघायचे आणि त्यावर चर्चा करायची नाही. दहा वेळा निघून दहाही वेळा काही झाले नाही, तरी नियम चुकला असे मानू नये, कारण दहा रात्रींची गैरसोय सोसता येते.

निघण्याच्या नियमाबरोबर कोठे जायचे हेही आधी ठरलेले असावे. खालच्या सपाटीवरची शाळा किंवा समाजमंदिर, तिची किल्ली कोणाकडे, म्हाताऱ्या माणसांना कोण आणणार, गुरे कधी सोडायची, कागदपत्रांची पिशवी कोणत्या खुंटीला, ही सर्व उत्तरे एका पानावर लिहून प्रत्येक घरात लावावीत. त्याच पानावर जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि आपत्कालीन मदतीचा 112 हे क्रमांक मोठ्या अक्षरांत असावेत. हे पान दर वर्षी राब भाजण्याच्या दिवसांत वाडीच्या बैठकीत मोठ्याने वाचून घ्यावे, कारण मधल्या वर्षात किल्ली दुसऱ्याकडे गेलेली असते, एखाद्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस असते, आणि नव्याने नांदायला आलेल्या सुनेला शाळेची वाट माहीत नसते.